सिक्वेल बघायचाय? पुण्याच्या प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

नवा सिक्वेल लागला की त्याच शंका नव्याने येतात: पहिला बघायलाच हवा का, कुठल्या क्रमाने बघायचं, आणि आवडला नाही तर नेमकं काय बिनसलं. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शक्यतो कुठल्याच पिक्चरचा शेवट फोडलेला नाही. जिथे इलाज नव्हता तिथे उत्तराच्या सुरुवातीलाच तसं सांगितलं आहे.

१. सिक्वेल, प्रीक्वेल, रिमेक, युनिव्हर्स. यातलं काय म्हणजे काय?

सिक्वेल म्हणजे त्याच माणसांची पुढची गोष्ट. प्रीक्वेल नंतर बनतो, पण गोष्ट आधीची सांगतो. 'कांतारा' २०२२ मध्ये आला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला 'कांतारा: चॅप्टर १' त्याच्या कित्येक शतकं मागे जातो. रिमेक म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत किंवा नव्या नटांसह, जसा 'सैराट'चा हिंदीत 'धडक' झाला. युनिव्हर्स म्हणजे वेगवेगळ्या गोष्टींमधली माणसं एकमेकांच्या पिक्चरमध्ये ये-जा करतात: 'स्त्री', 'भेडिया', 'मुंज्या'. याशिवाय पाचवा प्रकार आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ तोच घालतो: नाव तेच, आकडा पुढचा, गोष्ट मात्र संपूर्ण निराळी. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

हे खूळ आजकालचं आहे असं मात्र समजू नका. 'हंटरवाली' १९३५ सालचा आणि 'हंटरवाली की बेटी' १९४३ सालचा आहे.

२. पहिला भाग न बघता थेट दुसऱ्याला गेलं तर चालेल का?

काहींच्या बाबतीत अजिबात चालत नाही. 'बाहुबली'चा दुसरा भाग (२०१७) पहिल्याच्या (२०१५) शेवटी अधांतरी सोडलेल्या प्रश्नावरच उभा आहे. 'दृश्यम २'मधली प्रत्येक भीती पहिल्यातल्या एका रात्रीतून येते. 'पुष्पा २'ही याच गटातला. दुसऱ्या टोकाला 'गोलमाल'सारखी मालिका आहे. गोपाल, माधव, लकी, लक्ष्मण ही नावं राहतात, पण गोष्ट दर वेळी कोऱ्या पाटीवर सुरू होते. 'लगे रहो मुन्नाभाई'चंही तसंच. मुन्ना आणि सर्किट तेच आहेत, पण पहिल्यातले डॉक्टर अस्थाना झालेले बोमन इराणी इथे लकी सिंग म्हणून येतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

खरी पंचाईत मधल्या गटाची. 'झिम्मा २' (२०२३) पहिला न बघताही समजतो, कारण कोण कुणाची काय लागते ते संवादांतून कळत जातं. पण या बायका पहिल्या सहलीला एकमेकींना अनोळखी म्हणून भेटल्या होत्या, हे ठाऊक असेल तरच दुसऱ्या सहलीतली त्यांची सलगी गोड वाटते.

दोन मिनिटांत ठरवायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. मुख्य पात्रांची नावं तीच आहेत का? ट्रेलरमध्ये जुन्या भागातली दृश्यं वापरली आहेत का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर पहिला बघून जा. फक्त नावं जुळत असतील तर हवं तर बघा, आणि दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर थेट तिकीट काढा.

एक अपवाद लक्षात ठेवा. 'ये रे ये रे पैसा'चा दुसरा भाग (२०१९) बराचसा नव्या मंडळींचा होता, पण तिसऱ्यात (२०२५) पहिल्याचे दिग्दर्शक संजय जाधव आणि उमेश कामत, तेजस्विनी पंडित, सिद्धार्थ जाधव हे त्रिकूट परत आलं. तिसरा बघायचा असेल तर पहिला बघून घ्या. दुसरा राहिला तरी फारसं अडत नाही.

३. पहिला बघून सात-आठ वर्षं झाली. पुन्हा पूर्ण बघावा लागेल?

नाही. पहिली १५ मिनिटं आणि शेवटची ३० मिनिटं बघा. सुरुवातीत माणसं आणि त्यांची नाती कळतात, आणि पुढच्या भागाचा धागा बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या तासातून उचललेला असतो. मधली गाणी आणि उपकथानकं सोडली तरी बिघडत नाही. 'दृश्यम'चं तर अगदी शेवटचं दृश्य चुकवू नका. दुसरा भाग अक्षरशः त्या जागेवर उभा आहे.

दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे 'शेवटाचा अर्थ' सांगणारे व्हिडिओ. ते बघायला घेतलं की शेजारच्या यादीत नव्या भागाचा क्लायमॅक्स फोडणारं चित्र हजर असतं. लेखी सारांश वाचणं जास्त सुरक्षित. दुसरी चूक म्हणजे आदल्या रात्री पहिला बघून दुसऱ्या दिवशी नव्याला जाणं. पहिल्याची चव जिभेवर ताजी असते, मग नवा फिकाच लागतो. मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या. धागे लक्षात राहतात आणि तुलनेची धार बोथट होते.

४. शिवराज अष्टकातले पिक्चर आले त्या क्रमाने बघायचे, की इतिहासाच्या क्रमाने?

शिवराज अष्टक म्हणजे दिग्दर्शक दिग्पाल लांजेकरांची शिवाजी महाराजांवरची आठ पिक्चरची ठरवलेली मालिका. ते त्यांनी इतिहासाच्या क्रमाने काढलेले नाहीत, म्हणून हा प्रश्न येतो. पहिले पाच पडद्यावर असे आले: 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३). घटनांचा क्रम निराळा आहे. 'शेर शिवराज' म्हणजे अफझलखानाचा वध, नोव्हेंबर १६५९. 'पावनखिंड' जुलै १६६०. 'फत्तेशिकस्त' म्हणजे लाल महालातला शाहिस्तेखानावरचा छापा, एप्रिल १६६३. 'सुभेदार' म्हणजे कोंढाणा, फेब्रुवारी १६७०. आणि सगळ्यात आधी आलेला 'फर्जंद' इतिहासात सर्वांत शेवटी बसतो, कारण कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा घेतला तो मार्च १६७३ मध्ये.

मोठ्यांनी आलेल्या क्रमाने बघावेत असं आमचं मत आहे. दिग्दर्शकाचा हात 'फर्जंद'पासून 'पावनखिंड'पर्यंत कसा बसत गेला ते त्यात दिसतं, विशेषतः लढाईच्या दृश्यांत. मुलांना मात्र इतिहासाच्या क्रमानेच दाखवा. पन्हाळगड आधी वेढ्यात अडकतो आणि पुढे काही वर्षांनी साठ मावळ्यांनिशी परत घेतला जातो, हे त्यांना आपोआप जुळवता येतं. 'फत्तेशिकस्त' बघितल्यावर कसबा पेठेजवळचा लाल महाल दाखवून आणा. आजची वास्तू मूळची नाही, नंतर बांधलेली आहे, हेही सांगा. 'सुभेदार'नंतर सिंहगडाची चक्कर ठरलेलीच.

इतिहासाच्या क्रमाने बघताना एक अडचण येते, ती मुलांना आधीच सांगून ठेवा. चिन्मय मांडलेकर महाराज म्हणून आणि मृणाल कुलकर्णी जिजाऊ म्हणून या पाचांत कायम दिसतात, पण अजय पूरकर 'पावनखिंड'मध्ये बाजीप्रभू आहेत आणि 'सुभेदार'मध्ये तानाजी. खिंडीत धारातीर्थी पडलेला माणूस दहा वर्षांनी कोंढाण्याचा विडा उचलायला उभा दिसतो, आणि सात-आठ वर्षांचं मूल "हे तर गेले होते ना?" असं विचारणारच.

५. बाकीच्या मालिकांसाठी क्रमाचा काही साधा नियम आहे का?

(इथे 'कांतारा' आणि 'टाइमपास'चा थोडा उलगडा आहे.)

पहिल्यांदा बघताना ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने बघा. नंतर आलेला भाग कथेत आधीचा असला तरी तो बनवताना 'प्रेक्षकाला पुढचं माहीत आहे' असं धरलेलं असतं. 'कांतारा'च्या शेवटी नायक जंगलात दिसेनासा होतो, ते मनात घेऊन 'चॅप्टर १' बघण्यातच खरी गंमत आहे.

'टाइमपास'चं उदाहरण याहून नाजूक. पहिला भाग २०१४ चा, दुसरा २०१५ चा, आणि २०२२ मध्ये आलेला तिसरा या दोघांच्या मधल्या काळात घडतो. दगडूचं पुढे काय होणार हे दुसऱ्यात कळलेलं असल्यामुळे तिसऱ्यातल्या प्रेमप्रकरणाचा निकाल आधीच लागलेला असतो. इथे नियम मोडून १, ३, २ असं बघितलं तर उत्सुकता टिकते. फक्त दगडूचा चेहरा बदलतो त्याची तयारी ठेवा (प्रश्न १०).

६. नावापुढे २ लिहिलंय, पण जुन्या गोष्टीचा पत्ताच नाही. ही फसवणूक आहे का?

फसवणूक नाही. पण तिकीट काढण्याआधी माहीत हवं. 'धडक २' (२०२५) हा 'धडक'चा पुढचा भाग नाही. तो 'परियेरुम पेरुमाल' या २०१८ च्या तमिळ पिक्चरचा रिमेक आहे. 'आशिकी २'चा १९९० च्या 'आशिकी'शी कथेचा संबंध नाही. मराठीत 'अगं बाई अरेच्चा!'मध्ये (२००४) संजय नार्वेकरला बायकांच्या मनातलं ऐकू येतं. २०१५ च्या दुसऱ्या भागात ती कल्पनाच नाही. सोनाली कुलकर्णीची ती वेगळी गोष्ट आहे, दिग्दर्शक मात्र दोन्हींचे केदार शिंदेच. 'प्रेमाची गोष्ट २'ही नव्या जोडीची नवी गोष्ट आहे.

उलटंही होतं. 'देऊळ' (२०११) आणि 'देऊळ बंद' (२०१५) नावावरून भावंडं वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

अशा पिक्चरला पहिल्याच्या फूटपट्टीने मोजू नका. त्याला स्वतंत्र पिक्चर म्हणूनच बघा, मत नेमकं बनतं.

७. तीन तासांहून मोठा सिक्वेल. कुठला शो घ्यावा?

'पुष्पा २' सुमारे ३ तास २० मिनिटांचा, 'धुरंधर'चा पहिला भाग त्याहून मोठा. त्यात जाहिराती-ट्रेलरची १५ मिनिटं आणि इंटर्व्हलची १५ मिनिटं मिळवा. म्हणजे संध्याकाळी ७ चा शो पावणेअकरा-अकराला सुटतो. पुणे मेट्रोच्या शेवटच्या गाड्या रात्री ११ च्या सुमाराच्या, त्यामुळे वनाझ किंवा रामवाडीकडे जायचं असेल तर हा शो काठावरचा आहे. ६ च्या आतला घ्या किंवा गाडी काढा. शेवटच्या दृश्यासाठी थांबायचं असेल तर आणखी दहा मिनिटं धरा (प्रश्न ८).

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दुपारचा शो आणि कडेची खुर्ची. मधल्या खुर्चीतून अंधारात दोनदा उठणं त्यांना नको होतं.

मुलांना नेत असाल तर प्रत्येक भागाचं सर्टिफिकेट वेगळं बघा. आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन टप्पे आहेत. हे पालकांसाठीचं मार्गदर्शन आहे. 'ए' असेल तर मात्र १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, पालक बरोबर असले तरी नाही. पहिला घरी मुलांबरोबर बघितला म्हणून दुसराही चालेल असं गृहीत धरलं, तर दारावरून परत यायची वेळ येते.

८. नावं सुरू झाल्यावर थांबायचं का? लोक तर उठून जातात.

युनिव्हर्सवाले पिक्चर असतील तर थांबा. 'भेडिया' संपल्यावर 'स्त्री'मधली माणसं दिसतात. 'मुंज्या' संपल्यावर 'भेडिया'शी जोडणारं दृश्य आहे. ही दृश्यं बहुतेकदा पहिल्या रंगीत नावांच्या टप्प्यानंतर लगेच येतात, काळ्या पट्टीवर बारीक अक्षरं सरकायला लागण्याच्या आधी. म्हणजे दोन-तीन मिनिटांचाच प्रश्न असतो. दिवे लागले, सफाईवाले दादा पिशव्या घेऊन आत आले, तरी पडदा चालू असेल तर जागा सोडू नका. दाराशी उभं राहून मात्र बघू नका, मागच्यांचा रस्ता अडतो.

घरगुती मराठी सिक्वेलमध्ये असं दृश्य क्वचितच असतं.

९. दाक्षिणात्य सिक्वेल मूळ भाषेत बघावा की हिंदीत?

पहिला ज्या भाषेत बघितला त्याच भाषेत दुसरा बघा. आवाज हेही पात्रच असतं. 'पुष्पा'ला हिंदीत श्रेयस तळपदेचा आवाज आहे, 'बाहुबली'ला शरद केळकरचा. एकदा तो आवाज त्या चेहऱ्याला चिकटला की दुसरा आवाज तोतया वाटतो. 'दृश्यम'च्या बाबतीत तर मिसळ करूच नका. मल्याळमचे दोन्ही भाग (२०१३ आणि २०२१) जीतू जोसेफ यांचे. हिंदीतला पहिला (२०१५) निशिकांत कामतांचा आणि दुसरा (२०२२) अभिषेक पाठक यांचा. कुटुंबाची नावं, गाव, बारीक खुणा सगळं बदलतं. एक भाग या भाषेत आणि एक त्या भाषेत बघितला तर पुरावे जुळवण्यातच वेळ जातो.

१०. आवडता नट दुसऱ्या भागात नसेल तर?

तो का नाही, यावर सगळं अवलंबून आहे. 'झपाटलेला' १९९३ चा, दुसरा २०१३ चा. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. महेश कोठारेंनी लक्ष्याच्या जागी दुसरा लक्ष्या उभा केला नाही. गोष्ट पुढच्या पिढीकडे नेली आणि तात्या विंचूचा बाहुला कायम ठेवला. हा मार्ग सगळ्यात सन्मानाचा. दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नसेलही, पण रिकाम्या जागेचा मान त्यात राखलेला आहे.

'टाइमपास २'मध्ये पात्रं वयाने मोठी झाली म्हणून प्रथमेश परबच्या जागी प्रियदर्शन जाधव आला आणि केतकी माटेगावकरच्या जागी प्रिया बापट. कथेच्या दृष्टीने ते बरोबर, पण प्रेक्षकाला नवा दगडू स्वीकारायला पहिली वीस मिनिटं लागतात. तेवढी सवलत द्या आणि मग मत बनवा. 'झिम्मा २'ने तिसरी वाट धरली: काही जणी आल्या नाहीत, रिंकू राजगुरू आणि शिवानी सुर्वे नव्याने आल्या. निर्मलाबरोबर तिची सून आली आणि निर्मिती सावंतांना पहिल्यात न मिळालेली एक नवी बाजू खेळायला मिळाली. माणूस बदलला की नातंही नवं आणावं लागतं, ते इथे जमलं आहे.

११. 'मुंबई-पुणे-मुंबई' कुठवर बघावा? घरात यावरून रोज वाद होतो.

तिन्ही बघा, पण तीन वेगळे पिक्चर म्हणून. पहिल्याची (२०१०) ताकद त्याच्या काटकसरीत आहे. दोन माणसं, एक दिवस, पुण्याचे रस्ते आणि न संपणारं बोलणं. तो तिला पुण्याचं मोठेपण सांगतो, ती मुंबईचं, आणि पूर्ण पिक्चरमध्ये आपल्याला दोघांची नावंही कळत नाहीत. नावं नसल्यामुळे ती दोघं कुणीही असू शकतात, तुमच्या मागच्या टेबलावर बसलेली सुद्धा.

दुसऱ्यात (२०१५) लग्न ठरतं, त्यामुळे नावं द्यावीच लागतात: गौतम आणि गौरी. मग दोन्हीकडची घरं येतात, खरेदी येते, प्रशांत दामले येतात. पिक्चर भरतो, पण दोघांच्या गप्पांची जागा आक्रसते. ज्यांना गप्पा आवडल्या होत्या त्यांची निराशा इथेच होते. तरीही लग्न जवळ आल्यावर तिच्या मनात येणारी शंका खरी आहे, आणि मुक्ता बर्वे ती मोठ्याने न बोलता दाखवते. तिसरा (२०१८) मुलाच्या आगमनाचा. नवीन आई-बाप झालेल्यांना तो सगळ्यात जवळचा वाटतो, बाकीच्यांना जरा ताणलेला.

तिन्हींचे दिग्दर्शक सतीश राजवाडे आणि जोडीही तीच, म्हणून सूर बिघडत नाही. घरातल्या वादावर आमचं उत्तर असं: एकच बघायला वेळ असेल तर पहिला. लग्न ठरलेलं कुणी घरात असेल तर दुसरा.

१२. "पहिल्याची सर नाही" याच्या पुढे काही बोलता येत नाही. मत नीट कसं मांडायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. या एका वाक्यात तक्रार असते, पण कशाची ते नसतं. त्यासाठी थिएटरमध्येच एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: टाळी किंवा हशा कुठे येतो, आणि तो जुन्या आठवणीला येतो की नव्या दृश्याला.

'नवरा माझा नवसाचा'चं उदाहरण घ्या. २००४ मध्ये एसटीतून गणपतीपुळ्याचा प्रवास आणि अशोक सराफ कंडक्टर. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, कोकण रेल्वे आणि अशोक सराफ टीसी. त्यांच्या एन्ट्रीला पडते ती टाळी पहिल्या भागाची जुनी पुंजी. ती मिळणारच. पण त्यानंतर डब्यात ते जे करतात त्याला येणारा हशा दुसऱ्या भागाची स्वतःची कमाई. बाहेर आल्यावर मनात दोन्हींचा हिशोब मांडा. पुंजीवरच अडीच तास काढले असतील तर सिक्वेल कमकुवत, मग कितीही हसू आलेलं असो. कमाई थोडी तरी दिसली तर तो उभा राहिला असं म्हणा.

मग दुसरं बघा: माणसाला नवीन अडचण मिळाली, की जुनीच मोठ्या आकारात? हाणामारी दुप्पट, गाड्या तिप्पट आणि खलनायकाचा भाऊ सूड घ्यायला, हा नुसता आकार आहे. 'दृश्यम २'मध्ये आकार वाढत नाही. तेच घर, तीच चार माणसं. वाढतं ते दडपण, कारण आता लपवलेली गोष्ट सांभाळत जगायचं आहे. म्हणून तो लक्षात राहतो.

"मला इंटर्व्हलपर्यंत आवडला, नंतर सगळे विनोद जुन्याच संवादांवर होते" या वाक्यातून समोरच्याला स्वतःसाठी निर्णय घेता येतो. "बकवास आहे" यातून तो घेता येत नाही.

१३. पहिला भाग अर्धवट संपतो म्हणून राग येतो. हा राग रास्त आहे का?

पिक्चर दोन भागांत आहे हे आधी जाहीर केलं असेल तर अपुऱ्या शेवटाबद्दल तक्रार नको. तक्रार वेगळ्या ठिकाणी करता येते: त्या भागाला स्वतःचा चढ आणि उतार आहे का? 'बाहुबली'चा पहिला एका मोठ्या प्रश्नावर थांबतो, पण त्याआधी युद्ध पूर्ण झालेलं असतं, राजा ठरलेला असतो. पोटभर जेवून फक्त विडा बाकी ठेवल्यासारखं आहे ते. जिथे जेवणच अर्ध्यावर थांबतं तिथे राग रास्त. नंतरची चर्चा प्रश्न १२ प्रमाणेच करा.

१४. ऑफिसच्या ग्रुपवर किती सांगितलं तर चालतं?

ट्रेलरमध्ये जे दिसलं ते कधीही. इंटर्व्हलपर्यंतचं, पहिला आठवडा उलटल्यावर. पाहुणा कलाकार कोण, कोण मरतं आणि शेवटचं दृश्य, हे तिन्ही ग्रुपवर कधीच नको. समोरासमोर, "बघितलास का?" विचारून मगच. सिक्वेलमध्ये एक जादा काळजी घ्या: ज्याने पहिलाच बघितलेला नाही त्याच्यासमोर दुसऱ्याची साधी कथासुद्धा पहिल्याचा शेवट फोडते. "तो जिवंत आहे" एवढे तीन शब्द पुरतात.

१५. ओटीटीवर येईपर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

हिंदीसाठी साधारण आठ आठवडे थांबावं लागतं. घरगुती विनोदी सिक्वेल असेल तर थांबून फारसं जात नाही. भयपट आणि मोठी युद्धदृश्यं पडद्यावरच बघा.

मराठीचं गणित वेगळं आहे. मराठी सिक्वेल बघायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात बघा. दुसऱ्या आठवड्यात मोठा हिंदी पिक्चर लागला की शो कमी होतात आणि उरलेले सकाळी दहा किंवा दुपारी साडेतीन अशा वेळी ढकलले जातात. नोकरदाराला ते जमत नाहीत, मग रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि तेवढ्यावर शो काढला जातो. कोथरूडच्या सिटी प्राइडसारख्या ठिकाणी मराठी प्रेक्षक नेमाने येतो, तिथे शनिवार-रविवारची संध्याकाळ बुधवारीच बुक करा. चांगल्या खुर्च्या गुरुवारपर्यंत राहत नाहीत.